खुराडे: विकत आणावे, बांधावे की बांधवून घ्यावे?

परसात आठ-दहा कोंबड्या पाळायचे ठरले की घरात पहिली चर्चा जातीची होते. गावठी घ्यावी की गिरिराज, वनराज बरी की ग्रामप्रिया, कडकनाथला गिऱ्हाईक मिळेल का, यावर बरेच बोलून होते. खुराड्याचा विषय निघतो तो सगळ्यांत शेवटी, पुष्कळदा पिल्ले खोक्यातून चिवचिवत घरी आल्यावर. मग मिळेल तो पिंजरा आणला जातो, नाहीतर अडगळीतले पत्रे आणि फळ्या काढून काहीतरी ठोकले जाते. या घाईची किंमत पहिल्या पावसाळ्यात किंवा मुंगसाच्या पहिल्या फेरीत चुकवावी लागते, आणि ती कोंबड्या चुकवतात.

हा प्रश्न थोड्याथोडक्या घरांचा नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील कुक्कुटवर्गीय पक्ष्यांची संख्या ८५ कोटींवर भरली. त्यांतले सुमारे ३१.७ कोटी पक्षी परसातले होते, आणि ही परसातली संख्या आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली होती. आपल्याकडे शासनाच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांतून एक दिवसाची पिल्ले मिळतात, खासगी उबवणी केंद्रेही पुष्कळ झाली आहेत. पिल्लू मिळणे सोपे झाले आहे, पण त्याला वाढवून रात्री सुखरूप ठेवण्याची सोय त्या मानाने मागे राहिली आहे.

माझे मत आधीच सांगतो. खुराड्याचा निर्णय पैशावरून करण्याऐवजी जागेवरून करावा. जागा कायमची असेल तर बांधावे किंवा कारागिराकडून बांधवून घ्यावे. जागा बदलणार असेल तर विकत घ्यावे. आणि दोन्ही वाटांनी गेले तरी जाळी, कडी, छप्पर आणि हवा या चार बाबतींत तडजोड करू नये. हे मत का झाले, ते पुढे क्रमाने मांडतो.

खुराड्याचे काम

परसातली कोंबडी दिवसभर मोकळी फिरते, उकिरडा उकरते, किडे आणि दाणे टिपते. खुराडे तिला लागते ते दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत, आणि मध्ये अंडे घालायला. कोंबडीचा मूळ पूर्वज असलेला लाल रानकोंबडा रात्र झाडाच्या फांदीवर काढतो. ती सवय घरच्या कोंबडीतही आहे. तिला जमिनीपासून वर, आडव्या काठीवर बसायचे असते. काठी नसेल तर ती अंड्यांच्या खोक्यात झोपते आणि खोका विष्ठेने भरवते. खोका काठीपेक्षा उंच असला तरी हेच होते. तयार खुराडे घेताना ही एक गोष्ट पाहिली तरी बरेच कळते: काठी वर आणि खोका खाली हवा.

मापे अवघड नाहीत. दिवसा मोकळ्या फिरणाऱ्या मोठ्या कोंबडीला रात्रीसाठी सुमारे दोन चौरस फूट जागा पुरते. काठीवर प्रत्येकीला आठ-नऊ इंच लागतात. चार-पाच कोंबड्यांत एक खोका, साधारण एक फूट लांब, रुंद आणि उंच, पुरेसा होतो. म्हणजे दहा कोंबड्या आणि एक कोंबडा असेल तर चार फूट बाय सहा फूट खुराडे, लांबीच्या बाजूने एकमेकींपासून फूट-दीड फुटावर दोन काठ्या आणि तीन खोके असा हिशेब बसतो. गावठी कोंबडी हलकी असते, तीन-चार फुटांवरच्या काठीवर सहज जाते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने विकसित केलेली वनराज अंगाने भारी असते. ती उंचावरून उडी मारते तेव्हा पायाला इजा होते, म्हणून तिची काठी फूट-दीड फुटावर ठेवावी. जातीची चर्चा आधी होते ते एका अर्थी योग्यच आहे, फक्त ती खुराड्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

दिवसा मोकळे सोडता येत नसेल, तर हा सगळा हिशेब बदलतो. मग खुराड्याला जोडून जाळीचे आवार लागते आणि त्यात प्रत्येक पक्ष्याला निदान आठ-दहा चौरस फूट द्यावे लागतात. एवढी जागा नसेल तर पक्ष्यांची संख्या कमी करावी.

रात्री कोण येते

खुराड्याची खरी परीक्षा रात्री होते. मुंगूस, रानमांजर, उदमांजर, भटकी कुत्री, घूस, अंडी आणि पिल्लांच्या वासाने येणारे साप, असे पाहुणे महाराष्ट्रात कुठेही असतात. जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात त्यांत बिबट्याची भर पडते. प्रत्येकाची रीत वेगळी आहे. कुत्रा ताकदीने जाळी फाडतो, मुंगूस फटीतून शिरतो, घूस खालून माती पोखरते, मांजर जाळीतून पंजा घालून कडेला बसलेल्या कोंबडीला ओढते.

बाजारात चिकन मेश म्हणून मिळणारी षट्कोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण शिकाऱ्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती सहज ओरबाडतो. रात्रीच्या कोठडीला अर्धा इंची वेल्ड केलेली जस्ताची जाळीच हवी. ती मुंगसाला, मोठ्या उंदरांना आणि बहुतेक सापांना अडवते. जमिनीलगत हीच जाळी फूटभर खाली पुरावी, किंवा बाहेरच्या बाजूला दीड-दोन फूट आडवी पसरून मातीने झाकावी, म्हणजे उकरणारा प्राणी तिथेच थांबतो. दाराला नुसता खटका पुरत नाही, कडी-कोयंडा आणि त्यात खुंटी किंवा कुलूप हवे. दाराखाली अर्ध्या इंचापेक्षा मोठी फट नको.

बिबट्यापुढे मात्र कोणतीही जाळी पुरी पडेल असे समजू नये. त्या भागात खुराडे घराच्या भिंतीला लागून, दिव्याच्या उजेडात आणि पक्क्या भिंतींचे असावे. जुन्या घरांत ओट्याच्या पोटात खुराडे काढत, त्यामागे हाच शहाणपणा होता. कोंबड्या माणसाच्या कानाच्या टप्प्यात झोपत.

तयार मिळते ते

विकत घ्यायचे म्हटले तर बाजारात चार प्रकार दिसतात.

पहिले बुरुडाने विणलेले बांबूचे डालगे. पिल्लांसह फिरणाऱ्या कोंबडीला घारीपासून आणि कावळ्यापासून वाचवायला, खुडूक कोंबडीला वेगळे ठेवायला किंवा आजारी पक्षी बाजूला काढायला याच्यासारखे साधन नाही. प्रत्येक घरात ते असावे. पण दहा कोंबड्यांचे कायमचे घर म्हणून ते चालत नाही, आणि रात्री उघड्यावर तर कधीच ठेवू नये.

दुसरा प्रकार आठवडे बाजारात आणि पिंजऱ्यांच्या दुकानांत मिळणारा लोखंडी जाळीचा पिंजरा. उचलायला सोपा, धुवायला सोपा. पण त्याला बहुधा काठी नसते, आडोसा नसतो, वर छप्पर नसते. शेडमध्ये किंवा पडवीत ठेवून, आत लाकडी काठी बसवून आणि दोन बाजूंना गोणपाट बांधून तो चार-पाच पक्ष्यांसाठी चांगला चालतो.

तिसरा म्हणजे अंड्यांच्या व्यावसायिक फार्ममधला, ओळीने रचायचा पिंजरा. जुना झाला की तो स्वस्तात विकला जातो आणि घरगुती पाळणारे मोहात पडतात. त्यात एका पक्ष्याच्या वाट्याला ए-फोर कागदाएवढीही जागा येत नाही. पंख पसरता येत नाहीत, उकरता येत नाही, काठीवर बसता येत नाही. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने क्रूरता मानले आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, परस असताना कोंबडीला असे ठेवण्याचे कोणतेही कारण उरत नाही. हा पिंजरा घेऊ नये, असे मी ठामपणे सांगेन.

चौथा प्रकार ऑनलाइन मागवायच्या लाकडी खुराड्याचा. उतरते छप्पर, बाहेरून उघडणारा अंड्यांचा खोका, छोटी शिडी असा देखणा आराखडा असतो आणि सुटे भाग घरी जोडायचे असतात. आराखड्यातल्या कल्पना चांगल्या आहेत, बाहेरून अंडी काढण्याची सोय तर उचलण्याजोगी आहे. अडचण सामानात येते. पाइनच्या पातळ फळ्या, छोटे स्क्रू, हलकी जाळी हे थंड आणि कोरड्या हवेत निभावते. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात आणि वाळवीपुढे ते टिकणे कठीण असते. वर ‘सहा ते आठ कोंबड्यांसाठी’ असे लिहिलेले असले तरी आतली जागा स्वतः मोजावी आणि चौरस फुटांना दोनाने भागावे. बहुतेक वेळा उत्तर छापील आकड्याच्या निम्म्यावर येते.

वापरलेला पिंजरा किंवा खुराडे घेणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. मरेक्स या कोंबड्यांच्या रोगाचा विषाणू पिसांच्या धुळीत महिनोन् महिने जिवंत राहतो. गोचीड आणि लाल माइट लाकडाच्या फटीत दिवसा दडतात आणि रात्री रक्त पितात. जुने सामान घासून, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, फटींत ज्योत फिरवून आणि कडक उन्हात वाळवूनच आत आणावे. ज्या घरी पूर्वी कोंबड्या मेल्या आहेत, तिथले खुराडे फुकट मिळाले तरी घेऊ नये.

बांधायचे तर कशाचे

बांधण्याचा मोठा फायदा म्हणजे खुराडे आपल्या हवेला आणि जमिनीला जुळते. महाराष्ट्रात हवा एकसारखी नाही. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो. एकच तयार नमुना या दोन्ही ठिकाणी कसा चालेल?

कोकणात शत्रू ओल. खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट वर घ्यावे, जांभ्याच्या खांबांवर किंवा पक्क्या जोत्यावर. तळाला फटी ठेवून पट्ट्या किंवा जाळी बसवली तर विष्ठा खाली पडते आणि काढता येते. नैर्ऋत्येचा पाऊस ज्या बाजूने झोडपतो, ती बाजू पूर्ण बंद ठेवावी. छपराचा पुढचा भाग निदान दोन फूट बाहेर काढावा. कौले असतील तर उत्तम.

विदर्भ-मराठवाड्यात शत्रू उष्णता. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकत अंग थंड करते. उघड्या पत्र्याखाली तिची रात्रही तापलेली जाते. पत्रा घालायचा तर त्यावर चुना फासावा किंवा पेंढ्याचा, उसाच्या पाचटाचा जाड थर द्यावा. छप्पर उंच घ्यावे. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त अरुंद बाजूंवर येते. जवळ एखादे झाड असेल तर त्याची सावली घ्यावी, मात्र फांदीवरून मांजर छपरावर उतरणार नाही एवढे अंतर ठेवावे.

हवा सर्वत्र लागते. भिंतीचा वरचा भाग दोन्ही लांब बाजूंना जाळीचा ठेवावा, काठीवर बसलेल्या कोंबडीच्या अंगावरून थेट वारा जाणार नाही इतका वर. सकाळी दार उघडल्यावर डोके आत घालून पाहावे. डोळे चुरचुरले किंवा नाकाला उग्र वास आला, तर अमोनिया साचतो आहे आणि रात्रभर तो कोंबड्यांच्या छातीत जातो आहे. थंडीच्या भीतीने सगळे प्लास्टिकने झाकणारे लोक हेच करून ठेवतात. आपल्याकडच्या हिवाळ्यात मोठ्या कोंबडीला उबेपेक्षा कोरडी, खेळती हवा जास्त लागते. पिल्लांचे वेगळे आहे. पहिल्या आठवड्यात त्यांना ३३ ते ३५ अंश ऊब हवी असते आणि पुढे दर आठवड्याला ती थोडी थोडी कमी करत न्यायची असते. ती सोय घरात किंवा ब्रूडरमध्ये करावी, खुराड्यात नाही.

सामान जवळपासचे वापरावे. बांबू स्वस्त आणि मजबूत, पण भुंगेरे त्याला पोखरतात. पावसाळा संपल्यावर हिवाळ्यात तोडलेला, पाण्यात मुरवलेला किंवा बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात ठेवलेला बांबू बराच जास्त टिकतो. चाकण, भोसरी, वाळूजसारख्या औद्योगिक भागांत पॅकिंगचे लाकडी पॅलेट मिळतात. त्यांवरचा शिक्का पाहावा. ‘एचटी’ असेल तर लाकूड तापवून निर्जंतुक केलेले असते. ‘एमबी’ असेल तर त्यावर मिथाईल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते, ते खुराड्याला वापरू नये. लाकूड कोणतेही असो, फटी जितक्या कमी तितकी गोचीड कमी.

जमिनीवरच्या खुराड्यात तळाशी भाताचा तूस, लाकडाचा भुसा किंवा शेंगांची टरफले यांची दोन-तीन इंचांची गादी करावी. ती अधूनमधून हलवावी, ओली झालेली काढावी, थोडा चुना मिसळावा. काढलेली गादी कुजवली की भाजीपाल्याला आणि नारळाला उत्तम खत होते. यासाठी माणसाला आत हात किंवा फावडे घालता आले पाहिजे. ज्या खुराड्याची साफसफाई करताना अंग मोडून वाकावे लागते, ते आठवड्याने साफ होण्याऐवजी महिन्याने होते.

बांधवून घेणे

विकत घेणे आणि स्वतः बांधणे यांच्यामध्ये एक वाट आहे आणि बहुतेकांना तीच मानवेल. गावात किंवा तालुक्याला फॅब्रिकेशनवाला असतो. लोखंडी अँगलची किंवा चौकोनी पाइपची चौकट, अर्धा इंची जाळी, बिजागऱ्यांची दोन दारे, कडी-कोयंडा एवढे काम त्याच्याकडून मापाबरहुकूम करून घ्यावे. लाल रंगाचा प्रायमर आणि वर ऑइलपेंटचे दोन हात विसरू नयेत. छप्पर, आडोसा, काठ्या, खोके आणि तळ हे मग आपण घरी करावे. चौकट आणि जाळी यांना अचूकपणा लागतो, तो कारागिराच्या हाताला असतो. छपराची उतरंड, आडोशाची दिशा, तळाची उंची यांना आपल्या परसाची ओळख लागते, ती आपल्यालाच असते. चौकट नटबोल्टने जोडायला सांगितली तर पुढे ती हलवताही येते.

कारागिराकडे जाताना कागदावर माप लिहून न्यावे आणि जाळी कोणती हे ठरवून जावे. नाहीतर तो दारा-खिडक्यांच्या सवयीने मोठ्या छिद्रांची जाळी मारून देतो.

पैशाचा हिशेब

खर्च आहेच, पण तो कसा मोजायचा हे समजून घ्यावे. गावठी कोंबडी परसात वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. दहा कोंबड्यांची साधारण साडेसहाशे. खुराडे पाच वर्षे टिकले तर त्यात सव्वातीन हजार अंडी निघतात. म्हणजे खुराड्यावर घातलेल्या प्रत्येक दहा हजार रुपयांमागे अंड्यावर सुमारे तीन रुपये चढतात. तेच खुराडे दोन पावसाळ्यांत कुजले तर अंड्यामागे जवळजवळ आठ रुपये पडतात. परसात दीडशेच्या आसपास अंडी देणाऱ्या ग्रामप्रियासारख्या जातीला पाच वर्षे टिकणाऱ्या खुराड्याचा हाच भार सव्वा रुपयाच्या थोडा वर येतो. स्वस्त काय हे दुकानातल्या किमतीवरून कळत नाही. ते किती पावसाळे निघाले यावरून कळते. मुंगसाने एका फेरीत चार कोंबड्या मारल्या तर तो तोटा याहून वेगळा.

शेजार आणि साथ

शहरात राहणाऱ्यांनी काही आणण्याआधी स्थानिक स्वराज्य संस्थेचे आणि सोसायटीचे नियम विचारून घ्यावेत. कोंबडा पहाटे आरवतो आणि शेजाऱ्यांची तक्रार बहुधा त्याचीच असते. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, कोंबड्या त्याच्याविना अंडी देतात. फक्त त्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत. भाड्याच्या घरात किंवा गच्चीवर पाया खणून बांधण्याचा विचारच करू नये, तिथे विकतचे, हलवता येणारे खुराडेच योग्य.

रोगांचा विचारही बांधणीत हवा. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला बर्ड फ्लू आला, तेव्हा बाधित क्षेत्रातले पक्षी नष्ट करावे लागले. खाद्याची आणि पाण्याची भांडी छपराखाली ठेवली, बाहेरच्या पक्ष्यांची विष्ठा त्यांत पडू दिली नाही आणि तळ धुता येईल असा केला, तर धोका बराच कमी होतो. राणीखेत आणि देवीच्या लसी वेळेवर द्याव्यात. उत्तम खुराडेही लसीची जागा घेत नाही.

मग ठरवायचे कसे

स्वतःला क्रमाने विचारावे. ही जागा पुढची पाच वर्षे माझी आहे का? रात्री इथे कोणते प्राणी येतात? मोठा शत्रू पाऊस की ऊन? जवळ भरवशाचा सुतार किंवा वेल्डर आहे का? माझ्या हातात दोन-तीन मोकळे दिवस आणि थोडे कसब आहे का? जागा आपली असेल आणि कारागीर जवळ असेल तर बांधवून घ्यावे. कसब आणि वेळ असेल तर स्वतः बांधावे, त्यातून पुढची दुरुस्तीही हातात राहते. जागा भाड्याची असेल, पक्षी चार-पाच असतील किंवा पाळणे जमते का हे आधी पाहायचे असेल, तर लोखंडी जाळीचा पिंजरा विकत घेऊन त्याला काठी, खोका, आडोसा आणि छप्पर जोडावे. रोज संध्याकाळी दार लावायला घरात कोणी नसेल, तर यांतले काहीच करू नये आणि कोंबड्याही आणू नयेत.

आणि वेळ साधावी. बांबू-लाकूड हिवाळ्यात जमवावे, चौकट मार्च-एप्रिलमध्ये करून घ्यावी, छप्पर मे संपण्याआधी चढवावे. मृगाचा पहिला जोरदार पाऊस रिकाम्या खुराड्यावर पडू द्यावा. कुठे गळते, कुठे पाणी साचते, कोणत्या बाजूने झोत आत येतो हे त्या दिवशी कळते आणि कोंबड्यांच्या जिवाशी न खेळता दुरुस्त करता येते. पिल्ले त्यानंतर आणावीत. त्यांना अंगावर पिसे यायला काही आठवडे लागतातच, तेवढ्यात खुराडे पूर्ण तयार होते. आधी घर आणि मग पक्षी हा क्रम पाळला, तर विकत की बांधायचे याचे उत्तर शांतपणे आणि बरोबर निघते.